चोर म्हणायच्या आधी: आयत्या शिकारीवर येणाऱ्या माश्यांचे तीन पेपर

माझ्या पीएचडीच्या पहिल्या सादरीकरणात एक स्लाइड होती. डावीकडे कंदीलपुष्पाचा फोटो, उजवीकडे कोळ्याच्या तावडीतल्या मधमाशीचं चित्र आणि तिच्यावर बसलेल्या चार-पाच इवल्याशा काळ्या माश्या. खाली एक वाक्य: "सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांचं परागीभवन चोर माश्या करत असाव्यात." स्लाइडवर मी खूश होते. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "चोरी झाली हे कशावरून? कोळ्याचं किती गेलं?"

मी म्हटलं, "मॅडम, पेपरमध्ये तसंच लिहिलंय."

त्या काही बोलल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि "पुढे चला" म्हणाल्या. ज्यांनी अशी सादरीकरणं दिली आहेत त्यांना ते वहीत लिहिणं काय असतं ते ठाऊक आहे.

त्याच रात्री मी ते पेपर पुन्हा उघडले. या वेळी एकच प्रश्न घेऊन वाचले: या पेपरांनी नेमकं काय दाखवलंय आणि काय फक्त म्हटलंय? आजचा लेख त्या दुसऱ्या वाचनाचा आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहिताय किंवा प्रवेश परीक्षेनंतरच्या मुलाखतीची तयारी करताय. विषय तुमचा नसला तरी वाचा, कारण अशी चूक कुठल्याही विषयात होते.

आधी या माश्या कोण ते बघू

मिलिकिडी नावाचं माश्यांचं एक कुळ आहे. बहुतेक माश्या काळ्या आणि आकाराने काही मिलिमीटरच्या. घरात एखादी दिसली तर तुम्ही "चिलट" म्हणून हाताने उडवाल. या कुळातल्या काहींची, खासकरून डेस्मोमेटोपा या प्रजातीतल्या माश्यांची, एक सवय प्रसिद्ध आहे. कोळी, रॉबर फ्लाय, असॅसिन बग यांच्यासारख्या शिकाऱ्याने कीटक पकडला की त्या थोड्याच वेळात हजर होतात. शिकारी खात असतानाच त्याच शिकारीवर बसून पाझरणारा रस पितात. क्लोरोपिडी या दुसऱ्या कुळातल्या काही माश्याही हेच करतात. आपल्याकडे डोळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं याच क्लोरोपिडी कुळातली, म्हणजे कुळ तुमच्या ओळखीचं आहे, फक्त नाव माहीत नव्हतं.

शिकारीवर येणाऱ्यांमध्ये बहुतेक माद्या असतात. अंडी तयार करायला प्रथिनं लागतात, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण.

आता कोळ्याचं जेवण कसं असतं ते लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. कोळी घास चावून गिळत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो, भक्ष्य बाहेरच विरघळतं आणि तो ते द्रव शोषून घेतो. म्हणजे त्याचं ताट उघडं असतं. माशी त्या उघड्या ताटातलं पिते. ती कोळ्याच्या वाट्याचं पिते, की ताटाबाहेर सांडलेलं आणि नाहीतरी वाळून जाणारं पिते? दिसायला दोन्ही सारखंच दिसतं.

एकच दृश्य, चार नावं

मी मागे जात गेले तेव्हा एक मजेशीर गोष्ट सापडली. हे दृश्य शास्त्रज्ञ शंभरहून जास्त वर्षं बघत आलेत, पण प्रत्येकाने त्याला वेगळं नाव दिलंय.

न्यू गिनीत काम केलेल्या लायोश बिरो या हंगेरियन निसर्गअभ्यासकाने १८९९ साली यावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातला शब्द होता कमेन्सॅलिझम, म्हणजे सहभोजन: एका पंगतीला बसणं, ज्यात एकाचा फायदा होतो आणि दुसऱ्याचं काही बिघडत नाही. १९७५ साली ऑस्ट्रेलियातून मॅकमिलन यांची एक छोटी नोंद आली. तिच्या शीर्षकात याच कुळातल्या माश्या कोळ्यांची 'साफसफाई' करतात असं आहे. म्हणजे इथे माशी चक्क उपयोगाची झाली. १९७७ साली रॉबिन्सन दांपत्याने कोळी आणि माश्या यांच्या नात्यावर पेपर लिहिला आणि 'पिणं' आणि 'तहान' यांच्या धातूंवरून दोन नवे जडशीळ शब्द घडवले. एकाचा रोख सहभोजनाकडे, दुसऱ्याचा परजीवीपणाकडे. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शीर्षकाच्या शेवटी त्यांनी टाकलेलं प्रश्नचिन्ह. १९८० साली सिव्हिन्स्की आणि स्टोव यांच्या पेपरच्या शीर्षकात क्लेप्टोपॅरासायटिक हा शब्द आला, म्हणजे चोरून खाणारा परजीवी. पुढे हाच शब्द रुळला. प्रश्नचिन्ह मात्र गळून पडलं.

पाहुणा, सफाई कामगार, पिणारा, चोर. शब्द बदलले, पण प्रत्येक बदलाच्या आधी कुणी कोळ्याचं वजन करून ठरवलं होतं असं काही नाही. बघणाऱ्याला जे भावलं ते नाव पडलं. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. निरीक्षणाची सुरुवात अशीच होते. गडबड तेव्हा होते जेव्हा आपण चाळीस वर्षांनी येतो आणि त्या नावालाच निष्कर्ष समजतो. मी नेमकं तेच केलं होतं.

आता तीन पेपर.

पहिला: १९९१, कोळी आणि वास मारणारे ढेकूण

थॉमस आयस्नर हे रासायनिक परिसरशास्त्रातलं मोठं नाव. कीटक एकमेकांशी रसायनांतून कसे बोलतात आणि लढतात हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. मारिया आयस्नर आणि मार्क डेरप यांच्याबरोबरचा त्यांचा हा पेपर नेफिला क्लॅव्हिपेस या मोठ्या जाळ्याच्या कोळ्यावर आहे. (आता त्या कोळ्याची प्रजाती ट्रायकोनेफिला झाली आहे. जुना पेपर वाचताना सध्याचं नाव तपासायची सवय लावून घ्या.)

कोळ्याच्या जाळ्यात स्टिंक बग किंवा स्क्वॉश बग सापडला की मिलिकिडी माश्या जमतात, हे निरीक्षण. हे ढेकूण डिवचले की तिखट वासाचा फवारा सोडतात. जाळ्यातही सोडतात, पण कोळी त्यांना खातोच. मग पेपरचा प्रश्न असा: माश्यांना बोलावतं कोण? उत्तर: तो फवाराच. त्या फवाऱ्यातला ट्रान्स-२-हेक्सेनाल हा घटक माश्यांना ओढतो. स्वतःला वाचवायला सोडलेला वास माश्यांसाठी जेवणाची घंटा होतो.

माझ्या मते या तिघांत वाचायला सगळ्यात सोपा आणि शिकायला सगळ्यात चांगला पेपर हा. प्रश्न एकच आहे, तो मोजता येतो आणि उत्तर त्याच प्रश्नाचं आहे. माश्या 'क्लेप्टोपरजीवी' आहेत हे शीर्षकात आहे, पण पेपर ते सिद्ध करायला निघालेला नाही. तो वासाचा पेपर आहे.

दुसरा: २०१५, फसवला गेलेला चोर

ओल्शलेगेल आणि सहकाऱ्यांच्या या पेपरचं शीर्षकच तसं आहे. विषय ॲरिस्टोलोकिया रोटुंडा ही भूमध्य समुद्राच्या भागातली वनस्पती. तिची फुलं नळीसारखी, माशीला आत अडकवून ठेवणारी. अशा सापळा-फुलांबद्दल आधी सरसकट समजूत होती की ती कुजक्या मांसासारखा किंवा शेणासारखा वास सोडतात आणि अंडी घालायला जागा शोधणाऱ्या माश्यांना फसवतात.

या गटाने फुलांत अडकलेल्या माश्या गोळा करून ओळखल्या. मुख्य परागवाहक निघाल्या क्लोरोपिडी कुळातल्या माद्या. या माश्या मिरिड कुळातल्या ढेकणांचे स्राव पितात, तेही शिकारी त्यांना खात असताना. मग त्यांनी नुकत्याच मारलेल्या मिरिडांचा वास आणि फुलाचा वास तपासला. दोन्हींत तेच घटक सापडले, आणि माश्या अन्न शोधायला तेच वापरतात. म्हणजे फुलाने मेलेल्या ढेकणाचं सोंग घेतलंय. या प्रकाराला त्यांनी नवं नाव दिलं, क्लेप्टोमायोफिली, आणि सुचवलं की 'कुजक्या वासाची' म्हणून ठरवून टाकलेली बाकीची फुलंही पुन्हा तपासायला हवीत.

या पेपरचं खरं योगदान इथे आहे. पाठ्यपुस्तकात बसलेलं एक नाव, 'कुजकं आवडणाऱ्या माश्यांचं फूल', अनेकांना पुढचा प्रश्न विचारू देत नव्हतं. यांनी विचारला. आणि लगेच एक दुसरं नाव तयार झालं. आता त्या नावानेही पुढच्यांना तसंच झोपवू नये एवढी काळजी घ्यायला हवी. माझ्या बाबतीत ती घेतली गेली नाही, आणि दोष पेपरचा नाही, माझा.

तिसरा: २०१६, हल्ला झालेल्या मधमाशीचं सोंग

हा माझ्या स्लाइडचा बाप. हायडुक आणि सहकारी, करंट बायोलॉजी. वनस्पती सेरोपेजिया सँडरसोनी, दक्षिण आफ्रिकेतली. छत्रीसारख्या हिरव्या फुलामुळे रोपवाटिकांत ती पॅराशूट प्लांट म्हणून मिळते. आपली कंदीलपुष्पं, ज्यांना गावाकडे खरचुडी म्हणतात, ती याच सेरोपेजिया प्रजातीतली. म्हणून हा पेपर इथल्या प्रत्येक वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला जवळचा वाटतो.

फुलाची रचना अशी की माशी आत घसरते, साधारण एक दिवस अडकून राहते आणि सुटताना परागांच्या पिशव्या तिच्या मुखांगांना चिकटलेल्या असतात. फूल तिला बदल्यात काही देत नाही.

पेपरची मांडणी पायऱ्यापायऱ्यांनी बघा, कारण सिनॉप्सिस लिहिताना ही मांडणी जशीच्या तशी शिकण्यासारखी आहे.

पहिली पायरी: परागवाहक कोण? मुख्यतः डेस्मोमेटोपा माश्या.

दुसरी: या माश्या एरवी काय खातात? कोळ्यांनी पकडलेल्या मधमाश्या. हे आधीपासून माहीत होतं.

तिसरी: मग अंदाज असा की फूल हल्ला झालेल्या मधमाशीसारखा वास सोडत असणार. अंदाज आधी, मोजमाप नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे.

चौथी: हल्ल्याची नक्कल करून मधमाश्यांचा वास गोळा केला आणि फुलाच्या वासाशी ताडून पाहिला. दोन्ही जुळले.

पाचवी: यातल्या कुठल्या घटकांना माशीच्या शृंगिका, म्हणजे अँटेना, प्रतिसाद देतात ते विद्युत संकेतांवरून पाहिलं. सामाईक घटकांपैकी बऱ्याच घटकांना प्रतिसाद मिळाला.

सहावी: जेरॅनिऑल, २-हेप्टॅनोन, २-नोनॅनॉल आणि ई-२-ऑक्टेनिल ॲसिटेट या चार घटकांचं मिश्रण ठेवलं. माश्या जोरात आल्या.

यात मला शंका घ्यायला दोन जागा दिसल्या. एक, हल्ला नकली होता. कोळी चावतो तेव्हा मधमाशी जे सोडते आणि माणसाने त्रास दिल्यावर जे सोडते, ते तंतोतंत सारखं असेलच असं नाही. पण इथे निवाडा माशी करते आणि माशीने कौल दिला आहे, त्यामुळे ही शंका फार मोठी नाही. दोन, या चारांपैकी जेरॅनिऑल आणि २-हेप्टॅनोन अगदी सर्रास सापडणारे पदार्थ आहेत. जेरॅनिऑल तर गुलाबात आणि रोशा गवतातही असतं. मधमाशीतही ते धोक्याच्या इशाऱ्याचं रसायन म्हणून नाही, तर सोबतिणींना वाट दाखवणाऱ्या गंधग्रंथीतलं रसायन म्हणून ओळखलं जातं. तेव्हा "आमच्या फुलात जेरॅनिऑल सापडलं, म्हणजे ते मधमाशीचं सोंग घेतं" असं कुणी लिहिलं तर ते चुकीचं. पुरावा एकेका घटकात नाही, मिश्रणात आहे. पेपर हे नीट पाळतो, पण त्याचा हवाला देणारे पाळतील याची खात्री नाही.

शब्द काढून बघा

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येऊ. मी एक साधा खेळ केला. तिन्ही पेपरांच्या मुख्य निष्कर्षातून 'चोर', 'क्लेप्टो' वगैरे शब्द खोडले आणि वाक्य उभं राहतं का ते पाहिलं.

१९९१: "ढेकणांचा बचावाचा फवारा माश्यांना शिकारीकडे ओढतो." उभं राहतं.

२०१५: "शिकाऱ्याने मारलेल्या ढेकणांवर पोसणाऱ्या माश्यांना फूल त्याच वासाने फसवतं." उभं राहतं.

२०१६: "मधमाशीच्या शिकारीवर येणाऱ्या माश्यांना फूल हल्ला झालेल्या मधमाशीच्या वासाने फसवतं." हेही उभं राहतं.

शब्द काढून निष्कर्ष तसाच राहत असेल तर तो शब्द त्या पेपरचा निष्कर्ष नाही. ती त्या पेपरने आधीच्या साहित्यातून उचललेली भाषा आहे. फुलाने माशीला फसवलं हे सांगायला माशीने कोळ्याला लुटलं हे सिद्ध करायची गरजच नाही. म्हणून या पेपरांचा युक्तिवाद कोळ्याच्या नुकसानीवर टेकलेला नाही, आणि तो त्यांचा दोष नाही. दोष माझ्या स्लाइडचा होता. मी त्यांचं विशेषण उचललं, त्याला 'सिद्ध झालेलं' असा शिक्का मारला आणि समितीपुढे ठेवलं.

नुकसान मोजायचं असेल तर ते कसं मोजतात याचं उदाहरण जवळच आहे. अर्जिरोडिस नावाचे छोटे कोळी मोठ्या कोळ्यांच्या जाळ्यात राहून त्यांच्या अन्नावर डल्ला मारतात. ग्रोस्टल आणि वॉल्टर यांनी १९९७ साली त्यांच्यावर पेपर लिहिला. शीर्षकच प्रश्न आहे: हे चोर की सहभोजी? आणि त्यांनी बघितलं काय, तर यजमान कोळ्यावर होणारा परिणाम. शब्दाचा फैसला करायचा असेल तर यजमानाकडे बघावं लागतं, पाहुण्याकडे बघून चालत नाही.

पाकिटाच्या पाठीवरचा हिशोब

तरी मला राहवेना. म्हटलं, अंदाज तरी काढू. कामकरी मधमाशी साधारण १२ मिलिमीटर लांब, माशी २ मिलिमीटर धरू. लांबीत सहा पट फरक. दोघींचा आकार ढोबळमानाने सारखा मानला तर घनफळात ६ × ६ × ६, म्हणजे २१६ पट. एका माशीने स्वतःच्या अख्ख्या शरीराएवढं प्यायलं, जे शक्य नाही, तरी ती मधमाशीचा दोनशेवा भाग नेते. दहा माश्या आल्या तर पाच टक्क्यांच्या आत.

पाच टक्के ऐकून मी म्हणणार होते, "बघा, चोरी कसली, उष्टं खातात बिचाऱ्या." पण थांबा. कोळ्याला मधमाशी पूर्ण खाता येत नाही. कवच, पंख, पाय टाकूनच द्यावे लागतात. खाण्याजोगा भाग अर्धाच धरला तर तोच आकडा दहाकडे सरकतो. त्यात कोळी उपाशी असेल, शिकार आठवड्यातून एखादीच मिळत असेल, तर दहा टक्के थोडे नाहीत. शिवाय माश्या हाकलण्यात जाणारा वेळ आणि त्या हालचालीमुळे भक्षकाच्या नजरेत येण्याचा धोका या हिशोबात नाहीच. उलट बाजूने, माश्या जे पितात ते नाहीतरी वाळून जाणार असेल तर सगळा आकडा शून्य होतो.

म्हणजे हिशोबाने उत्तर मिळालं नाही. पण उत्तर कुठल्या टप्प्यात असू शकतं आणि ते कशावर अवलंबून आहे हे कळलं. मुलाखतीत एवढं सांगता आलं तरी समोरचे खूश होतात, अनुभवाने सांगते.

प्रयोग कसा असावा? खेकडा-कोळी घ्यायचे. प्रत्येकाला वजन केलेली एकेक मधमाशी द्यायची. एका गटाभोवती इतकी बारीक जाळी की माशी आत शिरणार नाही. दुसरा गट उघडा. तिसऱ्या गटाला जाळी आहे पण एका बाजूने मोकळी, म्हणजे जाळीमुळेच काही बदलत असेल तर ते कळेल. जेवणाआधी आणि नंतर कोळ्याचं वजन, जेवायला लागलेला वेळ, उरलेल्या मधमाशीचं वजन. महागडं काहीही लागत नाही. चांगला तराजू, जाळीचं कापड आणि खूप संयम, बास.

दुसरी बाजूही ऐकू

माझ्या लॅबमधल्या सीनियर ताईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू शब्दावर जास्तच घसरतेयस. दुसऱ्याने मिळवलेलं अन्न खाणं म्हणजे क्लेप्टोपरजीवीपणा, अशी व्याख्या लावली की झालं. नुकसान मोजायची अटच नाही."

तिच्या बोलण्यात तथ्य आहे. वागण्यावरून व्याख्या करणारे लोक आहेत आणि त्या व्याख्येत या माश्या बसतात. पण मग त्या शब्दातल्या 'परजीवी'चं काय? परजीवी म्हटलं की वाचणारा नुकसान गृहीत धरतो. व्याख्या वागण्याची आणि ध्वनी नुकसानीचा, अशी ही दुहेरी बोली आहे. तुम्ही कुठली व्याख्या घेताय हे पहिल्याच पानावर लिहिलं तर माझा काही आक्षेप नाही. मी ते लिहिलं नव्हतं.

ताईचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार होता. "हा शब्द नसता तर त्या लोकांना ढेकणाकडे आणि मधमाशीकडे बघायचं सुचलं असतं का? सगळे कुजक्या मांसापाशीच अडकून बसले असते." हे मला पूर्ण पटलं. चोर म्हटलं की माल कुणाचा हा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाने फुलाच्या वासाचं कोडं सुटलं. म्हणून शब्द फेकून द्या असं मी म्हणत नाही. शोध घेताना तो जरूर वापरा, फक्त पुरावा म्हणून पुढे करू नका.

माझ्या प्रपोजलचं काय झालं

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

सह्याद्रीत कंदीलपुष्पाच्या अनेक जाती आहेत आणि त्यातल्या काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. हरिश्चंद्रगडावरची सेरोपेजिया लॉई घ्या, किंवा जिच्या नावातच अंजनेरी आहे ती सेरोपेजिया अंजनेरिका घ्या. कड्यांवर आणि सड्यांवर, पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत फुलणारी, थोडक्या जागेत उरलेली झाडं. अशा झाडाचं फूल परागवाहक बघायला तोडलं की त्या फुलाची शेंग गेली. एकेका फुलाचा जाब द्यावा लागतो.

माझ्या जुन्या आराखड्यात मी 'चोर माश्या' धरूनच चालले होते. म्हणून फक्त मधमाशीच्या वासाचे सापळे लावणार होते, फक्त मिलिकिडी माश्या वेगळ्या करून ओळखणार होते आणि बाकीच्या 'इतर' या रकान्यात टाकणार होते. सेरोपेजियाच्या निरनिराळ्या जातींच्या फुलांत लहान माश्यांची बरीच कुळं येतात. आपल्या एखाद्या जातीत वेगळंच कुणी येत असेल तर ते माझ्या 'इतर'मध्ये जाऊन बसलं असतं, आणि मी दुर्मीळ झाडाची फुलं तोडून, तीन पावसाळे घालवून, मला आधीच माहीत असलेलं उत्तर घेऊन परत आले असते. शिवाय मधमाशी म्हणजे कुठली? आफ्रिकेतल्या अभ्यासातली जात वेगळी. इथे सातेरी आहे, फुलोरी आहे, आग्या आहे. सोंग घ्यायचं तर कुणाचं, हा प्रश्नच मी विचारला नव्हता.

नवा आराखडा साधा आहे. आधी फुलांत कोण येतं ते बघायचं, शक्य तिथे फूल न तोडता, सुकून आपोआप गळायला आलेल्या फुलांतून. सगळ्या माश्या ओळखायच्या, 'इतर' हा रकानाच नाही. मग त्या एरवी काय खातात ते बघायचं. वास त्यानंतर. म्हणजे २०१६च्या पेपरची पहिली पायरी, जी मी उडी मारून ओलांडली होती.

आणि शब्द? इंग्रजी मसुद्यात मी आता 'शिकाऱ्यांच्या भक्ष्यावर पोसणाऱ्या माश्या' असं लांबलचक पण सरळ लिहिते. मराठीत बोलताना 'आयतोबा माश्या' म्हणते. आयतोबा आयतं खातो एवढंच त्यातून कळतं. ज्याच्या घरी खातो त्याचं किती गेलं, ते मोजल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या सादरीकरणात त्याच मॅडम होत्या. या वेळी त्यांनी विचारलं, "आणि कोळ्याचं किती जातं?" मी म्हटलं, "मॅडम, माझ्या प्रश्नाला ते लागत नाही. पण मोजायचं झालं तर असं मोजता येईल," आणि तिसऱ्या गटाची मोकळी जाळी दाखवली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते या वेळीही कळलं नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या सिनॉप्सिसमधली पहिली दोन पानं घ्या. प्रत्येक विशेषणाखाली पेन्सिलने रेघ ओढा: आक्रमक, परजीवी, प्रतिरोधक, मागास, पारंपरिक, जे काही असेल ते. मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. हे कुणी मोजलंय? कुणाच्या बाजूने मोजलंय? हा शब्द काढला तर माझं वाक्य पडतं का? वाक्य पडत असेल आणि मोजलेलं कुणीच नसेल, तर तिथे तुमच्या आराखड्याला भोक आहे. कधीकधी त्याच भोकात तुमचा खरा संशोधनप्रश्न बसलेला असतो.

पुढच्या लेखात कंट्रोल गट कसा निवडायचा ते बघू. मोकळ्या जाळीबद्दल ज्यांना प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी.